कलम चार

परिपत्राचा तिसरा मसुदा मी रामबागेतल्या घरी
पोळपाटाशेजारी लॅपटॉप ठेवून टाइप केला.
शाळा बंद. म्हणजे मुलं बंद.
नियम मात्र तेव्हाच उघडले.

एक : शिक्षकांनी रोज साडेआठला ऑनलाइन हजर राहावे,
मागून पंखा, कुकर, सासू यांचे आवाज येऊ नयेत.
(सासू डबीर सर तोंडी बोलले. मी गाळली.)
दोन : अंगठ्याचे यंत्र झाकून ठेवावे,
सही ज्याने त्याने आपापल्या पेनाने करावी.
तीन : कार्यालयात एका वेळी एक-तृतीयांश कर्मचारी.
आम्ही कार्यालयात चौघं.
चौघांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक माणूस आणि वर थोडा.
तो थोडा कोण, यावर दोन दिवस फोन चालले.
शेवटी एक मी गेले.
थोडा गेंदालाल आला, फाटकापर्यंत.

इंदूर इतकं गप्प मी पाहिलं नव्हतं.
कुठे पोह्यांची वाफ नाही, जिरावनाचा वास नाही,
एक कचरागाडी तेवढी गाणं वाजवत यायची,
वेळेवर, जणू तिला कोणी कळवलंच नव्हतं.

पाच : ज्यांना घरून काम करणे शक्य नाही
त्यांची रजा विनावेतन धरावी.

मुसाखेडीहून कमोदबाईचा फोन.
तिनं मालवीत विचारलं,
शाळेचा जिना घरून कसा झाडायचा ते
एकदा कोणी दाखवलं तर ती शिकेल.
चेष्टा नव्हती. तिला शिकायचं होतं.
मी म्हटलं, मॅडम लोक रोज कामाचा फोटो पाठवतात,
तूही पाठव.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिच्या दारापुढचं अंगण,
झाडलेलं, कडेला खराटा उभा.
तिसऱ्या दिवशी तेच अंगण. चौथ्या दिवशी
खराट्याजवळ एक कोंबडी, बहुधा पाहुणी.
मी हजेरीपटावर रोज एक ‘ह’ काढत गेले.
शाळेचं अंगण आणि तिचं,
पटावर असा रकाना नसतोच.

सतराव्या दिवशी अंगण नव्हतं.
दाराचा फोटो होता, दारावर नगर निगमचा कागद,
चारी कोपऱ्यांना खळ, मधोमध तिच्या नवऱ्याचं नाव.

चार राहिलंच सांगायचं.
चार : विलगीकरणातील शिक्षकांस चौदा दिवस भरपगारी रजा.

आमची परिपत्रं हिंदीत निघतात.
पण शिक्षक हा शब्द दोन्हीकडे शिक्षक,
आणि कर्मचारी दोन्हीकडे कर्मचारी.
भाषांतराला जागा नव्हती.
एक खोडायचा, एक लिहायचा, इतकंच.
कुकरची तिसरी शिट्टी होईस्तोवर झालं.

डबीर सरांनी व्हरांड्यात उभ्यानं सही केली.
मास्कच्या वाफेनं चष्मा पांढरा,
ओळीवर बोट ठेवून म्हणाले,
चार नंबर होतं तसंच आहे ना?
मी म्हटलं, चौदाच दिवस, सर.
हे खोटं नव्हतं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही,
माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं
आणि शिक्का मागितला.

कमोदबाई पगारासह परत आली, नवराही वाचला.
इथे कविता संपवता आली असती.

पण इसरारभाई, पिवळ्या बसचे,
अकरा वर्षं आमची पोरं वेळेवर पोचवणारे,
कागदावर ठेकेदाराचे.
कर्मचारी म्हणजे आमच्या पटावरचा. ते पटावर नव्हते.
माझा शब्द फाटकापर्यंतच गेला,
गेंदालालसारखा.

श्रावणात ते शाळेसमोरच हातगाडी लावून उभे होते.
लसूण. गाडीवर शाळेचीच जुनी ताडपत्री.
मला नको असताना मी किलोभर घेतला.
दोघांनीही पगाराचं काही काढलं नाही.
काटा बरोबर आल्यावर
त्यांनी वर आणखी मूठभर टाकला.